भुर्दंड कोणाकडे जातो? शाळेत शाश्वत विकास शिकवण्याचा नेमका अर्थ

दरवर्षी ५ जून, म्हणजे जागतिक पर्यावरण दिन, जवळ आला की अनेक शाळांत एक ठरलेला कार्यक्रम पार पडतो. रोप आणले जाते, खड्डा खणला जातो, छायाचित्र काढले जाते आणि घोषवाक्यांचे फलक भिंतीवर चढतात. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्याची वेळ येते, कारण मधल्या बारा महिन्यांत पहिल्या रोपाला पाणी घालण्याचे काम कोणाच्याच वेळापत्रकात नव्हते. हा विनोद जुना आहे, पण या लेखाचा विषय त्यात जवळजवळ पूर्ण सामावला आहे. रोप लावण्याचे श्रेय एका दिवसात मिळते, ते जगवण्याचे कष्ट वर्षभर करावे लागतात, आणि ते मेले तर सावली न मिळण्याचा तोटा अशा मुलांच्या वाट्याला येतो, जी अजून त्या शाळेत दाखलही झालेली नाहीत.

गेल्या काही वर्षांत पर्यावरण आणि शाश्वत विकास यांचे शिक्षण हा सरकारी निर्णयांचा विषय झाला आहे. इटलीने २०१९ च्या कायद्याने नागरिकशास्त्राच्या वर्षाला किमान ३३ तासांच्या शिक्षणात शाश्वत विकासाचा समावेश केला. अमेरिकेतील न्यू जर्सी या राज्याने २०२० मध्ये हवामान बदल हा घटक अनेक विषयांच्या शालेय मानकांत आणला. मे २०२१ मध्ये युनेस्कोच्या बर्लिन येथील परिषदेने हे शिक्षण प्रत्येक शिक्षणव्यवस्थेच्या गाभ्यात असावे असा जाहीरनामा काढला. अशा बातम्या वाचणाऱ्या पालकाला आणि कित्येकदा शिक्षकालाही प्रश्न पडतो, की भूगोल आणि विज्ञान आधीपासून शिकवले जात असताना यात वेगळे असे काय शिकवायचे आहे?

लाकडाच्या टंचाईतून आलेला विचार

'शाश्वत' या शब्दाने मनात काहीतरी चिरंतन, आध्यात्मिक असे उभे राहते, पण या कल्पनेचा उगम अगदी व्यवहारी आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात चांदीच्या खाणी जोरात चालत होत्या आणि धातू वितळवण्याच्या भट्ट्यांना प्रचंड लाकूड लागत होते. त्या खाणींचे प्रशासन पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांच्या लक्षात आले, की खाणीतली चांदी संपण्याआधी आसपासचे जंगल संपेल आणि मग चांदी असूनही भट्ट्या थंड पडतील. १७१३ मध्ये त्यांनी वनव्यवस्थापनावर ग्रंथ लिहिला आणि जंगल जितके पुन्हा वाढते तितकेच तोडावे, हा विचार त्यात मांडला.

हे समजायला सर्वांत जवळची उपमा मुद्दल आणि व्याजाची आहे. जंगल, माशांचा साठा, भूजल, सुपीक माती ही मुद्दल आहे आणि दरवर्षी होणारी वाढ किंवा पुनर्भरण हे तिचे व्याज आहे. व्याजावर भागवले तर ठेव कायम राहते. मुद्दलाला हात घातला तर पहिली काही वर्षे कोणाला काही जाणवतही नाही, उलट हातात जास्त पैसा खेळतो. त्या वर्षांत घरातले सगळे खूश असतात, हीच या हिशेबातली सर्वांत फसवी गोष्ट आहे.

अर्थात ही उपमा सगळीकडे चालत नाही. कोळसा, खनिज तेल आणि धातूंची खनिजे यांना माणसाच्या कालमानात व्याजच नसते, ते निव्वळ मुद्दल असते. हर्मन डेली या अर्थशास्त्रज्ञांनी म्हणूनच तीन साधे नियम सांगितले होते: पुन्हा वाढणाऱ्या गोष्टी वाढीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने वापरू नयेत, न वाढणाऱ्या गोष्टी पर्याय तयार होण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने संपवू नयेत, आणि टाकाऊ पदार्थ निसर्ग जितक्या वेगाने पचवतो त्यापेक्षा जास्त वेगाने सोडू नयेत. माध्यमिक शाळेतल्या मुलाला हे तीन नियम एका तासात समजतात, आणि मग नदी, कारखाना, शेत किंवा स्वतःचे घर, काहीही या नियमांवर तपासून पाहता येते.

यात 'विकास' कुठे आला? नॉर्वेच्या माजी पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८७ मध्ये दिलेली व्याख्या आजही प्रमाण मानली जाते: पुढच्या पिढ्यांची आपल्या गरजा भागवण्याची क्षमता धोक्यात न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास, तो शाश्वत. ही व्याख्या उद्धृत करताना पुष्कळदा तिचा अर्धा भाग गळतो. आयोगाने गरजांमध्ये जगातल्या गरिबांच्या मूलभूत गरजांना पहिले स्थान दिले होते. त्यामुळे 'निसर्गाला हात लावू नका' हा या व्याख्येचा अर्थ कधीच नव्हता. ज्यांच्याकडे आज पुरेसे नाही आणि जे अजून जन्मलेले नाहीत, या दोघांचेही हिशेबात नाव असले पाहिजे, एवढेच ती सांगते.

पर्यावरण शिक्षणापेक्षा हे वेगळे कसे?

इतिहास थोडक्यात असा आहे. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर पर्यावरण शिक्षणाला आंतरराष्ट्रीय आकार आला. १९७७ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील तिबिलिसी येथे भरलेल्या परिषदेने त्याची पाच उद्दिष्टे ठरवली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. १९९२ च्या रिओ परिषदेने त्याला विकासाच्या प्रश्नाशी जोडले, २००५ ते २०१४ हे दशक संयुक्त राष्ट्रसंघाने शाश्वत विकासाच्या शिक्षणासाठी पाळले, आणि २०१५ मध्ये ठरलेल्या १७ शाश्वत विकास ध्येयांपैकी चौथ्या ध्येयात या शिक्षणाचे स्वतंत्र लक्ष्य आले.

कागदपत्रांचा हा प्रवास बाजूला ठेवला, तर फरक प्रश्नांच्या जातीत आहे. नदी प्रदूषित कशाने होते, हा पर्यावरण शिक्षणाचा नेहमीचा प्रश्न आहे. शाश्वत विकासाचे शिक्षण त्याला आणखी प्रश्न जोडते: ज्या कारखान्याने ती प्रदूषित केली त्यात कोणाला रोजगार मिळाला, स्वस्त झालेली वस्तू कोणी विकत घेतली, पाणी शुद्ध करण्याचा खर्च कोणी केला, आणि खालच्या अंगाला राहणाऱ्या कुटुंबाच्या आजारपणाची नोंद कोणत्या खातेवहीत झाली? अर्थशास्त्रात याला 'बाह्य खर्च' म्हणतात, म्हणजे वस्तूच्या किमतीत न धरलेला आणि व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याच माणसाने सोसलेला खर्च. आपल्या रोजच्या भाषेत त्याला भुर्दंड असा नेमका शब्द आहे. हे सगळे शिक्षण मला एकाच प्रश्नात सांगायचे झाले तर तो प्रश्न असा: फायदा कोणाला झाला, भुर्दंड कोणाकडे गेला आणि केव्हा?

एक वाटी, ४० बिया

हा प्रश्न व्याख्यानाने शिकवता येत नाही, असे माझे मत आहे. खेळाने मात्र तो अर्ध्या तासात शिकवता येतो. चार मुले एका वाटीभोवती बसवावीत आणि वाटीत ४० बिया ठेवाव्यात. या बिया म्हणजे तळ्यातले मासे. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने हव्या तितक्या बिया उचलायच्या. फेरीअखेर जितक्या उरतील तितक्याच नव्या घालायच्या, म्हणजे साठा दुप्पट होईल, मात्र ४० च्या वर कधीच जाणार नाही, कारण तळे तेवढ्यांनाच पोसू शकते. पहिल्या डावात बोलायला बंदी ठेवावी.

समजा प्रत्येकाने ८ बिया उचलल्या. ३२ गेल्या, ८ उरल्या, त्यांच्या १६ झाल्या. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने ४ उचलल्या की वाटी रिकामी होते. एकूण मिळकत ४८ आणि खेळ खलास. आता समजा प्रत्येकाने ५ च उचलल्या. २० गेल्या, २० उरल्या आणि पुन्हा ४० झाल्या. पाच फेऱ्यांत १०० बिया मिळतात आणि वाटी भरलेलीच राहते. आणखी संयम दाखवून प्रत्येकाने फक्त २ उचलल्या तर? ३२ उरतात, पण तळ्याची मर्यादा ४० असल्यामुळे वाढ फक्त ८ ची होते. म्हणजे अति संयमानेही काही जास्त हाती लागत नाही. शाश्वत वापर म्हणजे वापरच न करणे नव्हे, हे इथे कोणी न सांगता मुलांना कळते.

इथपर्यंत हा गणिताचा तास झाला. खरी गंमत पुढे आहे. दोन फेऱ्या झाल्या की पहिल्या चौघांना उठवून त्यांच्या जागी नवी चार मुले बसवायची, आणि हे आधीच जाहीर करायचे. आता पहिल्या चौघांचा हिशेब पूर्ण बदलतो. दोन्ही फेऱ्यांत ५-५ बिया उचलल्या तर त्यांना एकूण ४० मिळतात. हावरटपणे खेळले तर ४८ मिळतात. आणि सर्वांत धूर्त डाव तर असा, की पहिल्या फेरीत संयमाने २० उचलायच्या, साठा पुन्हा ४० होऊ द्यायचा आणि उठण्यापूर्वी सगळी वाटी साफ करायची. तसे केल्यास ६० मिळतात. नव्याने बसणाऱ्या चौघांसमोर तेव्हा रिकामी वाटी असते.

या ठिकाणी वर्गात जो गोंधळ उडतो, तोच खरा धडा आहे. पहिल्या चौघांनी गणितात काहीच चूक केलेली नाही. स्वतःपुरता विचार केला तर त्यांचा डाव बिनचूक आहे. निसर्ग जपणे शेवटी प्रत्येकाच्याच फायद्याचे असते, असे आपण मुलांना सांगत आलो आहोत. ते नेहमी खरे नसते, आणि हे मुलांपासून लपवले तर पुढे ती आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत. ज्याला लाभ होतो आणि ज्याला भुर्दंड पडतो ते दोघे वेगळे असू शकतात, आणि तेव्हा केवळ हिशेब पुरत नाही. तिथे न्यायाचा प्रश्न सुरू होतो.

दुसऱ्या डावात बोलायला परवानगी द्यावी. मुले आधी भांडतात, मग नियम करतात, मग नियम मोडणाऱ्याचे काय करायचे यावरून पुन्हा भांडतात. जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये असे मांडले होते, की सर्वांच्या मालकीची गोष्ट अखेर सर्व मिळून ओरबाडतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे कुरणे, मासेमारी आणि सिंचनाचे पाणी यांवर अनेक देशांतील उदाहरणे अभ्यासून दाखवले, की लोक एकमेकांशी बोलू शकले, त्यांनी स्वतः नियम केले, लक्ष ठेवले आणि नियम मोडणाऱ्याला आधी सौम्य, मग कडक दंड केला, तर सामाईक साधने शतकानुशतके टिकतात. याच कामासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वाटीभोवती बसलेली मुले नकळत हाच वाद घालत असतात.

टाकीचा नळ आणि टाकीचे भोक

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे विलंब. एक टाकी डोळ्यांसमोर आणावी. तिच्यात वरून नळाने पाणी पडते आणि खालच्या लहान भोकातून थोडे वाहून जाते. नळ भोकापेक्षा मोठा असेल, तर तो आणखी मोठा केला नाही तरी टाकी भरतच राहणार. पातळी स्थिर करायची तर नळ भोकाइतका बारीक करावा लागेल. हे सांगितल्यावर कोणालाही पटते. तरीही अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील जॉन स्टर्मन आणि त्यांच्या सहकारी लिंडा बूथ स्वीनी यांनी उच्चशिक्षित विद्यार्थ्यांना हाच प्रश्न हवेतील कार्बन डायऑक्साइडच्या रूपात विचारला, तेव्हा बहुसंख्यांचा समज असा दिसला, की उत्सर्जन वाढायचे थांबले की हवेतले प्रमाणही वाढायचे थांबेल. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत. टाकी भरते आहे, आणि नळ आहे तेवढाच ठेवणे म्हणजे ती भरणे थांबवणे नव्हे.

साठा आणि प्रवाह यांतला हा फरक एकदा पक्का झाला की भूजल, कचऱ्याचे डोंगर, कर्ज आणि लोकसंख्या हे सगळे एकाच आकृतीत बसवता येते. वेगवेगळ्या घटनांमागची अशी समान रचना ओळखण्याला शिक्षणतज्ज्ञ 'प्रणाली विचार' म्हणतात. शब्द भारदस्त असला तरी मूळ वस्तू टाकीच आहे.

माहिती दिली की वागणूक बदलते?

दुर्दैवाने, नाही. धूम्रपानाचे दुष्परिणाम सर्वाधिक ठाऊक असणाऱ्या डॉक्टरांतही धूम्रपान करणारे असतातच. माहिती आणि कृती यांच्यात सवय, सोय, शेजाऱ्यांचे वागणे आणि उपलब्ध पर्याय असे बरेच काही उभे असते. बस येतच नसेल, तर सार्वजनिक वाहतुकीवर लिहिलेल्या उत्कृष्ट निबंधाचा काही उपयोग नाही.

शिवाय आपण जी माहिती देतो तिचे वजनही चुकलेले असते. सेठ विन्स आणि किंबर्ली निकोलस यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅनडातील विज्ञानाची दहा शालेय पाठ्यपुस्तके तपासली. मोटार न वापरणे, विमानप्रवास टाळणे, आहारात वनस्पतिजन्य पदार्थांवर भर देणे यांसारख्या मोठा परिणाम करणाऱ्या कृतींचा वाटा त्या पुस्तकांनी सुचवलेल्या उपायांमध्ये केवळ ४ टक्के होता. बाकी भर होता तो दिवे बदलणे आणि वस्तूंचा पुनर्वापर अशा गोष्टींवर.

याचा अर्थ लहान कृती शिकवूच नयेत असा नाही. त्यांचे आकारमान मात्र शिकवावे. अॅल्युमिनियमचा डबा पुन्हा वितळवला तर खनिजापासून नवा धातू बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, म्हणून त्याचा पुनर्वापर खरोखर मोलाचा आहे. हाच आकडा प्रत्येक पदार्थाला लागू नाही, हे मुलांनी शोधून काढावे. 'पर्यावरणपूरक' असा शिक्का पाहून वस्तू उचलणारा ग्राहक घडवण्यापेक्षा 'किती पूरक, कशाच्या तुलनेत?' असे विचारणारा विद्यार्थी घडवणे अवघड आहे, पण शाळेचे काम तेच आहे.

इमारत हेच पाठ्यपुस्तक

वर्गात पाणीबचतीचा धडा चालू आहे आणि बाहेर स्वच्छतागृहाचा नळ तीन आठवड्यांपासून गळतो आहे, असे असेल तर मुले धडा शिकत नाहीत, नळ शिकतात. शाळा वागण्यातून जे शिकवते त्याला 'छुपा अभ्यासक्रम' म्हणतात, आणि बोललेल्या अभ्यासक्रमाशी त्याचे भांडण झाले की जिंकतो तो छुपाच.

म्हणून सुरुवात शाळेच्या इमारतीपासून करणे सर्वांत सोपे आणि सर्वांत प्रामाणिक आहे. गळणाऱ्या नळाखाली मोजपात्र ठेवून एका तासात किती पाणी साठते ते पाहायचे आणि त्यावरून वर्षाचा आकडा काढायचा, हा प्राथमिक शाळेतला गुणाकार आहे. विजेच्या मीटरची नोंद रोज ठरलेल्या वेळी घेऊन आलेख काढायचा, आणि सुट्टीच्या दिवशीही वीज का खर्च होते याचा माग काढायचा, हे विज्ञान आणि गुप्तहेरगिरी दोन्ही आहे. आठवडाभराचा कचरा प्रकारानुसार वजन करून मांडला की टक्केवारी शिकवायला वेगळी उदाहरणे लागत नाहीत. त्यानंतर मुख्याध्यापकांना किंवा व्यवस्थापनाला आकड्यांसह पत्र लिहायचे, हा भाषेचा तास झाला. आणि त्या पत्राला उत्तर आलेच पाहिजे. उत्तर आले नाही, तर मुले नागरिकशास्त्राचा एक फार वाईट धडा शिकतात.

युरोपात १९९४ मध्ये सुरू झालेला आणि आता अनेक देशांत पसरलेला 'इको-स्कूल्स' हा उपक्रम याच वाटेने जातो. त्यात विद्यार्थ्यांची समिती शाळेची पाहणी करते, कृती आराखडा बनवते, प्रगती मोजते आणि मग शाळेला हिरवा झेंडा मिळतो. अशा उपक्रमांचा धोकाही सांगून ठेवतो: झेंडा मिळवणे हेच ध्येय झाले, की पाहणीच्या आठवड्यापुरती शाळा शाश्वत होते.

'अभ्यासक्रम आधीच जड आहे'

ही तक्रार योग्य आहे. नवा विषय म्हणजे नवे पुस्तक, नवी परीक्षा आणि आणखी एक दप्तर. भारतात सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्येच पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर सक्तीचा करण्याचे निर्देश दिले होते, आणि न्यायालयाच्या आदेशाने विषय वेळापत्रकात आणता येतो हे त्यातून दिसले. पण वेळापत्रकात येणे आणि मुलांच्या विचारात येणे यांत अंतर असते.

स्वतंत्र विषयाला जागा आणि जबाबदार शिक्षक मिळतो, पण तो विषय 'त्या तासापुरता' उरतो. सगळ्या विषयांत विणला तर तो जिवंत राहतो, पण सर्वांची जबाबदारी ही कोणाचीच नसते. माझा कल विणण्याकडे आहे, मात्र एका अटीवर: शाळेत एका शिक्षकाकडे हे धागे जुळवण्याचे काम नावानिशी सोपवलेले असावे आणि त्यासाठी त्याचे दुसरे काही तास कमी केलेले असावेत. गणितात नळाचा गुणाकार आला म्हणून गणित वाढत नाही, फक्त उदाहरण बदलते.

'शिक्षकांनाच हे कुठे शिकवले आहे?'

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. युनेस्कोने सुमारे १०० देशांचे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडे तपासले, तेव्हा ४७ टक्के आराखड्यांत हवामान बदलाचा उल्लेखच नव्हता. शिक्षकांच्या मोठ्या सर्वेक्षणात ९५ टक्के शिक्षकांनी हवामान बदलाचे गांभीर्य शिकवणे महत्त्वाचे मानले, पण ते शिकवण्याचा आत्मविश्वास ४० टक्क्यांहून कमी शिक्षकांना होता, आणि आपल्याच भागावर होणारे परिणाम समजावून सांगता येतील असे वाटणारे तर साधारण एक तृतीयांशच होते. हे २०२१ मधले चित्र आहे. शिक्षकांची इच्छा आहे, पण त्यांना तयार केलेले नाही. त्यामुळे आदेश काढण्यापूर्वी शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात बदल व्हायला हवा. तोवर निदान एवढे तरी करता येईल, की 'मला हे ठाऊक नाही, आपण मिळून मोजू' असे वर्गात म्हणणाऱ्या शिक्षकाला कमी लेखले जाऊ नये.

'मुले घाबरून जातील'

ती घाबरलेलीच आहेत. २०२१ मध्ये दहा देशांतील १६ ते २५ वयाच्या १०,००० तरुणांच्या पाहणीत ५९ टक्क्यांनी हवामान बदलाची फार किंवा अतिशय काळजी वाटते असे सांगितले. ही भीती त्यांच्यापर्यंत शाळेने आणलेली नाही. ती फोनच्या पडद्यावरून, तुकड्यातुकड्यांनी आणि कोणत्याही संदर्भाशिवाय येते. शाळा तिला क्रम आणि प्रमाण देऊ शकते.

वयाचे भान मात्र ठेवलेच पाहिजे. सहा-सात वर्षांच्या मुलाला हिमनद्या वितळण्याच्या कथा सांगण्याआधी मुंग्यांची रांग, पावसानंतरची माती आणि एखादे झाड यांच्याशी त्याची ओळख होऊ द्यावी. ज्याच्याशी ओळखच नाही ते वाचवायचे आवाहन लहान मुलाला ओझे वाटते. मोठ्या वर्गांना मात्र संकटाच्या शेजारी सुटलेले संकटही शिकवावे. कारखान्यांत बनणाऱ्या काही रसायनांमुळे ओझोनचा थर विरळ होऊ शकतो, असा इशारा मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दिला, अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले, १९८७ मध्ये या रसायनांना आळा घालणारा मॉन्ट्रियल करार झाला, पुढे जगातील सर्व देश त्यात आले, आणि आता बहुतेक जगावरचा थर २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर परतेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. विज्ञान, करार, उद्योगांनी शोधलेले पर्याय आणि अनेक दशकांचा धीर, असे सगळे घटक या एका गोष्टीत आहेत.

'हा प्रचार आहे'

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. माणसाच्या कृतीमुळे पृथ्वी तापते आहे, हा पुराव्यावर उभा असलेला निष्कर्ष आहे आणि तो तसाच शिकवावा. त्यावर काय करावे, कर लावावा की नियम करावा, अणुऊर्जा वाढवावी की नाही, श्रीमंत देशांनी किती भार उचलावा, हे मूल्यांचे आणि धोरणांचे प्रश्न आहेत. त्यांत शिक्षकाने उत्तर देऊ नये, वाद घालू द्यावा, आणि प्रत्येक बाजूला तोच प्रश्न विचारावा: या उपायाचा भुर्दंड कोणाकडे जातो? खाण बंद करा म्हणणाऱ्याने खाणकामगाराच्या घराचा विचार केला आहे का, आणि चालू ठेवा म्हणणाऱ्याने खाणीजवळ श्वास घेणाऱ्याचा? जो वर्ग दोन्ही प्रश्न विचारतो तिथे प्रचार होणे कठीण असते.

'मोठ्यांनी बिघडवायचे आणि मुलांनी निस्तरायचे?'

हा आक्षेप कमी ऐकू येतो, पण मला तो सर्वांत रास्त वाटतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की १० ते १४ वर्षांची मुले शाळेत हवामान बदल शिकली की त्यांच्या पालकांची त्याबद्दलची काळजीही वाढते. वडिलांमध्ये आणि रूढीवादी राजकीय विचारांच्या पालकांमध्ये हा परिणाम अधिक होता, आणि मुलींचा प्रभाव मुलांपेक्षा जास्त पडला. हे वाचून कोणालाही मोह होईल, की मुलांनाच दूत करून घरोघरी पाठवावे.

पण जबाबदारी ही अधिकाराच्या प्रमाणात असायला हवी. वीज कशापासून बनवायची, बस किती चालवायच्या, वस्तू कशात गुंडाळून विकायची, हे दहा वर्षांचे मूल ठरवत नाही. त्याला त्याच्या हातातले दिवे विझवायला शिकवावे, आणि त्याच वेळी कोणता निर्णय कोणाच्या हातात असतो हेही शिकवावे. 'तू पृथ्वी वाचव' असे मुलाला सांगणे म्हणजे आपल्या वाट्याचा भुर्दंड त्याच्याकडे सरकवणेच झाले, म्हणजे वाटीतल्या पहिल्या चौघांचा डाव.

मग गुण कशाला द्यायचे?

घोषवाक्य स्पर्धेला गुण देणे सोपे असते, म्हणून ती टिकून आहे. शाश्वत विकासाची व्याख्या लिहा, असा प्रश्नही तपासायला सोपा आहे आणि त्याचे उत्तर न समजताही पाठ करता येते. त्याऐवजी एखादा अपूर्ण निर्णय मुलांसमोर ठेवता येतो: शाळेचे मैदान पावसाळ्यात तुंबते, सगळे सिमेंटने झाकण्याचा एक प्रस्ताव आहे आणि पाणी मुरण्यासाठी चर खणण्याचा दुसरा, कोणाला काय मिळेल, कोण काय गमावेल, आणि ठरवण्यापूर्वी तुम्हाला आणखी कोणती माहिती लागेल? या उत्तरात शेवटच्या भागाला सर्वाधिक गुण द्यावेत, कारण नेमके काय ठाऊक नाही हे ओळखणारे मूल बाकीचे शोधून काढते.

आणि वर्षभराच्या नोंदींना गुण द्यावेत, निकालाला नव्हे. वीज कमी झाली की नाही हे हवामानावर आणि मुख्याध्यापकांच्या खर्चाच्या निर्णयांवरही अवलंबून असते, पण मीटरची नोंद सलग ठेवली की नाही हे वर्गाच्या हातात असते. वर्ष संपल्यावर ती वही घरी न नेता खालच्या वर्गाकडे सोपवायची. पहिल्या पानावर मोजण्याची वेळ, पद्धत आणि आपण केलेल्या चुका लिहून ठेवायच्या, म्हणजे नव्या मुलांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.